निळ्या रंगाखालचा पूल

काल पुन्हा गारा पडल्या. प्रताप नगरातल्या माझ्या खोलीवर टिन आहे, त्यामुळे मला त्या आधी ऐकू आल्या आणि मग दिसल्या. खाली घरमालकांची नातवंडं ताटल्या घेऊन अंगणात धावली, गारा वेचून तोंडात टाकू लागली. आतून त्यांची आई ओरडली, "अरे, टाळकी फुटतील, आत या!" अर्ध्या तासात शहरभर गारांचे फोटो फिरायला लागले. तळहातावर ठेवलेल्या गारा, शेजारी लिंबू ठेवून आकार दाखवलेल्या गारा. लोकांना फार कौतुक असतं. मला गारा पडल्या की एकच सुचतं: आता काय काय धड दिसतंय ते बघा. जे फुटलं ते दिसतं, त्याचा पंचनामा होतो, त्यावर भाषणं होतात. माझा संशय जे धड उभं आहे त्याच्यावर असतो.

आमच्याकडच्या या दिवसांना नाव नाही. थंडी गेलेली असते आणि कूलर अजून माळ्यावरून उतरलेले नसतात. पळस पेटलेला असतो. दहावीची पोरं ओसरीवर पुस्तक धरून डुलक्या काढतात, रस्त्यावरच्या डंपरची धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, आणि वस्तीत निळ्या रंगाचे डबे यायला लागतात. जयंती जवळ आली की आमच्या वस्तीत जे उभं आहे ते रंगतं. विहाराची भिंत, समाजभवनाच्या खिडक्या, विजेचा खांब, हापशीचा दांडा. एका वर्षी एक बकरी अर्धी निळी होऊन फिरत होती. मी शहरात राहते, पत्रकं लिहिते, मोर्च्यात माइक धरते. पण त्या दिवसांत घरून फोन आला तर समजायचं की काम ब्रशचं आहे.

गाव मौद्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडं आत. कालव्याच्या या काठाला आमची वस्ती, त्या काठाला गाव. शाळा गावात. जयंतीचा कार्यक्रम शाळेच्या मैदानावर, म्हणजे मिरवणूक तिथे पोचायला हवी. पूर्वी ती पोचत नसे. रस्त्यानं जायचं तर गावाच्या वेशीतून, मोठ्या घरांच्या गल्लीतून जावं लागतं, आणि दर वर्षी कोणीतरी समजूतदार आवाजात सांगे, "कशाले वाद? तुमची जयंती, तुमच्या बाजूनंच फिरवा ना." समजूतदार आवाजाची मला लहानपणापासून चीड आहे. मग कालव्यावर पूल झाला. शाळेची मागची भिंत फोडून तिला फाटक करून घेतलं, आणि मिरवणूक पुलावरून त्या फाटकात शिरायला लागली. त्या फाटकासाठी माझ्या मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं, किती चपला झिजवल्या ते सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. मोठेबाबा जयंती समितीचे अध्यक्ष. त्या पुलाला कोणी नुसता पूल म्हटलेलं त्यांना खपत नसे.

पूल फायबरचा. ट्रकमधून त्याचे तुकडे उतरले तेव्हा क्रेन लागली नाही, माणसांनीच उचलून लावले. काचेच्या धाग्यांचं कापड थरावर थर रचायचं, मध्ये रेझिन, म्हणजे डिंकासारखं रसायन, ओतायचं, ते दगडासारखं घट्ट होतं, असं पूल बांधणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी समजावलं. गंजणार नाही, सडणार नाही, वाळवी लागणार नाही. आई म्हणाली, "आमची प्लास्टिकची बादली दोन उन्हाळे काढत नाही, अन् ह्यायचा पूल जन्मभर पुरन!" साहेब हसले. हसून वेळ मारून नेण्याचं शिक्षण अशा साहेबांना कुठे मिळतं, मला शोधायचं आहे.

पूल झाल्यावर एका वर्षी जयंतीच्या आधी मोठ्या गारा पडल्या, तेव्हा मी घरी होते. भर दुपारी आभाळ तांब्यासारखं झालं. वारा असा सुटला की कोंबड्या भिंतीला चिकटून बसल्या. मग टिनावर एवढा मारा झाला की आई माझ्या कानाशी तोंड आणून ओरडत होती आणि मला फक्त तिच्या श्वासाची ऊब कळत होती. थांबलं तेव्हा कडुनिंबाच्या चेचलेल्या पाल्याचा ओला कडू वास सगळीकडे भरला होता, आणि अंगणातल्या गारांमधून वाफ निघत होती. आम्ही कालव्याकडे धावलो. पुलाच्या मधोमध गुलाबरावांच्या वाढदिवसाची लोखंडी चौकट आडवी पडली होती. गुलाबराव म्हणजे गावातलं मोठं नाव. वेशीतून शिरलं की पहिलं घर त्यांचंच. त्यांच्या शुभेच्छांचा फलक पुलाच्या तोंडाशी उभा केलेला होता, तो वाऱ्यानं उचलून पुलावर आपटला होता. फलकावरचे गुलाबराव पालथे पडूनही हात जोडूनच होते.

संध्याकाळच्या आत त्यांची माणसं येऊन चौकट घेऊन गेली. तिचा एक कोपरा पार वाकला होता. पुलाला मात्र काही झालं नव्हतं. गारांचे पांढरट ठिपके पडले होते, आणि चौकटीचा कोपरा लागला तिथे खडूनं ओढावी तशी एक रेघ. "पाय गा," माझा चुलतभाऊ सुमेध म्हणत होता, "लोखंड वाकलं, पण आपला पूल नाही वाकला!" लोक पुलावर हात फिरवत होते, जसा जिंकून आलेल्या बैलावर फिरवतात.

त्याच आठवड्यात पारशिवनीहून मामानं पोतंभर संत्री पाठवली. गारांच्या मारातली, म्हणून बाजारात न गेलेली. वरून सोनेरी, घट्ट. आई एकेक हातात घेऊन अंगठ्यानं दाबत होती आणि निम्मी बाजूला फेकत होती. मी फेकलेलं एक उचललं, "हे तर चांगलं दिसतं." "दिसते ना," आई म्हणाली, "मंग खाऊन पाय." माझं तोंड वाकडं झालेलं पाहून घरातली सगळी पोरं हसली.

मग रंग. पोरांनी कठड्यापासून सुरुवात केली. उरलेल्या रंगात पुलाच्या पाटावरचे, म्हणजे पाय पडतात त्या भागावरचे, पांढरे ठिपके बुजवले, ती रेघही बुजवली. कोणी सांगितलं नव्हतं. जयंतीला पूल ठिगळाठिगळांचा दिसू नये, एवढंच. लपवणारे हात शोधून काढायला मी पत्रकांच्या कामात शिकले आहे. खुर्चीवरचे, टेबलाखालचे, सहीवाले, सगळे हात मी ओळखते. इथे ब्रश धरलेले हात माझ्या भावांचे होते आणि ते गाणी म्हणत होते. कोणाच्या मनात पाप नव्हतं. मला तेच जास्त टोचतं. पाप असतं तर निदान पत्रक काढता आलं असतं.

थोड्या दिवसांनी पूल वाजायला लागला. आई पलीकडच्या अंगणवाडीत मदतनीस आहे, रोज जाते. ती म्हणाली, "त्या टोकाले पाय पडला का खटकते वं." मी स्वतः जाऊन चालून पाहिलं. खट्. परत आले. खट्. मला आणखी काय हवं होतं? मी पत्रक काढलं: "पूल खटकतो आहे! जबाब द्या!" बाजारात वाटलं, शाळेच्या फाटकाला चिकटवलं, ठेकेदार कंपनीच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिलं. उद्गारचिन्हांत मी कधी काटकसर केलेली नाही.

कंपनीचे साहेब आले. गर्दी जमली. साहेबांनी खिशातून पाना काढला, वाकून एक बोल्ट आवळला आणि सगळ्यांसमोर त्या जागेवर बूट आपटून उडी मारली. आवाज नाही. पुन्हा उडी. आवाज नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मॅडम," साहेब हात झटकत म्हणाले, "पत्रक छापण्यापेक्षा एक पाना घेतला असता ना, तर काम झालं असतं."

सगळे हसले. सुमेध सगळ्यात जास्त हसला. मग साहेबांनी मोबाइल वर धरला. "आणि तुमच्या माहितीसाठी, कॉलेजच्या मॅडमनी मशीन लावून पूल तपासलाय. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. रिपोर्ट काय? बदल नाही. मध्ये नाही, कडेला नाही. कुठेच बदल नाही."

लोक पांगले. मी तिथेच बसून राहिले, रागानं. ज्यांच्याकडून मी पत्रक लिहायला शिकले त्यांचा पहिला धडा असा होता: कोणी म्हणालं वाढलं, कोणी म्हणालं घटलं, कोणी म्हणालं तेवढंच आहे, की लगेच विचारायचं, कशाच्या तुलनेत? बदल नाही. ठीक. कधीपासून नाही?

कठड्याच्या खाली, पाटाच्या कडेला, कोटाच्या बटणाएवढ्या चकत्या चिकटवलेल्या होत्या. त्यांना बारीक वायरी. छत्री लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन तिथे बसणारी एक मुलगी मी पाहिली होती आणि कंपनीचं माणूस म्हणून मनातल्या मनात निकाली काढली होती. आता मी पहिल्यांदा चकती नीट पाहिली. तिच्याभोवतीचा निळा रंग खरवडून काढला होता. चौकोनी, स्वच्छ, राखाडी जागा, आणि तिच्या मधोमध चकती. चकतीवर निळ्याचा ठिपका नाही. ज्या पोरांच्या तावडीतून बकरी सुटली नाही, त्यांच्या तावडीतून या चकत्या सुटल्या असत्या? म्हणजे चकत्या रंगानंतर लागल्या. रंग गारांनंतर लागला. म्हणजे त्यांची पहिली तपासणीच गारांनंतरची. मार खाल्लेल्या माणसाचा फोटो काढून ठेवायचा, आणि पुढच्या महिन्यात त्याच्याच शेजारी त्याला उभं करून म्हणायचं, बघा, चेहरा अगदी तसाच आहे.

त्या मुलीचं नाव मृणाल देशपांडे. एका अभियांत्रिकी कॉलेजात पीएचडी करते. आणि राहते कुठे, तर प्रताप नगरात, माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून. दारावर पितळी पाटी, आत आजोबांपासून नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसांचे हार घातलेले फोटो. मी भांडायला गेले होते. तिच्या आईनं चहा दिला. कप कुठला दिला ते मी पाहिलं. पाहते मी. सवय आहे. सगळ्यांचे सारखेच होते.

"तुम्ही कंपनीच्या का?" मी विचारलं.

"अगं, नाही. मला अभ्यासाला खराखुरा पूल हवा होता. त्यांनी हात लावू दिला, बस."

"हात लावू देणाऱ्याच्या विरोधात बोलता येतं?"

उत्तर न देता ती वही आणायला उठली. ते मी लक्षात ठेवलं. मग तिनं वहीचं कोरं पान आडवं धरलं आणि मला तिचं काम समजावलं. एक चकती थरथरते. थरथर पुलाच्या पाटातून पसरत जाते, दुसरी चकती ती पकडते. "तुमच्याकडे कालवा आहे ना? पाणी उघड्या शेतात सोडलं तर थोड्या अंतरावर जिरून जातं. दोन काठांत धरलं की लांबवर जातं. तसंच हे. पाटाचा वरचा पृष्ठभाग आणि खालचा, हे दोन काठ. आवाज त्यांच्या मधून चालतो. वाटेत कुठे थर सुटले असतील तर तो अडखळतो, फुटतो, उशिरा पोचतो. वरून डोळ्याला काही दिसत नाही, पण आवाजाला आतून जावं लागतं, त्याला चुकवता येत नाही."

"आणि तो अडखळला हे कशावरून?"

"पूल चांगला असतानाचा आवाज आधी घेऊन ठेवायचा. नंतरचा त्याच्याशी ताडून पाहायचा."

"तुमचा तो चांगला असतानाचा आवाज गारांच्या आधीचा की नंतरचा?"

"कुठल्या गारा?" मृणालनं विचारलं.

त्या दुपारी प्रताप नगरात थेंबही पडला नव्हता. तिथे ऊन होतं. मी तिला सगळं सांगितलं, चौकट, रेघ, ब्रश. तिचा चेहरा उतरत गेला.

"मला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"तुम्ही विचारलं?"

तिची आई आतून म्हणाली, "अजून चहा टाकू का गं?"

तरीही माझा तिच्यावर विश्वास बसला, असं समजू नका. दुसऱ्या दिवशी तिनं फोन करून सांगितलं की उपाय आहे, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, आता ही काहीतरी गुळगुळीत करून आणणार. उपाय असा होता. पुलाचे सगळे तुकडे एकाच साच्यातले, जुळ्या भावंडांसारखे. आमच्या टोकाला चिंचेचं झाड पुलावर ओणवं झालेलं आहे. त्याखालच्या तुकड्याला गारा लागल्या नव्हत्या, चौकट तर दूरच. त्याचा आवाज निरोगी धरायचा आणि मधल्या तुकड्याचा त्याच्याशी ताडायचा. मात्र भल्या सकाळी, दोघेही सारखेच थंड असताना. ऊन चढलं की आवाजाची चाल बदलते, आणि कंपनी म्हणायला मोकळी, हा उन्हाचा फरक.

सकाळी कालव्यावरून धुरकट गारवा येत होता. बगळे काठाला. अंगणवाडीत निघालेल्या आईला मी पुलाच्या अलीकडेच थांबवलं. "काय वं, आता पुलाची सोनोग्राफी?" ती म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन बसून राहिली. काहीच ऐकू येत नव्हतं. तो आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन रेघा आल्या. चिंचेखालची रेघ झपकन उठून विझली. मधली उशिरा उठली आणि विझता विझेना, मागे थरथरती शेपटी ओढत राहिली. मृणालनं जागा बदलून, बाजू बदलून पुन्हा पुन्हा पाहिलं. शेवटी खडू घेऊन तिनं निळ्या रंगावर परातीएवढा गोल काढला. "इथे आत थर सुटलेत."

खटकणारा बोल्ट तिथून लांब होता, पलीकडच्या टोकाला. जिथे थर सुटले होते, तिथे इतके दिवस सगळ्यांचे पाय मुकाट पडत होते.

"तुटेल?"

"ते मला सांगता येणार नाही. कुठे सुटलंय ते कळतं. किती पेलेल ते यातून कळत नाही."

माझं डोकं सणकलं. "तुम्ही शिकलेली माणसं नेहमी इथेच थांबता!"

"पूर्ण ऐकून घे," ती पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाली. "एकटंदुकटं माणूस गेलं तर सुखरूप जाईलही. पण मिरवणूक, एका वेळी एवढी माणसं, आणि तीही नाचत? त्यावर मी माझ्या आईला उभी करणार नाही. तू तुझ्या आईला करशील?"

मिरवणुकीत सगळ्यात पुढे पांढऱ्या साड्यांतल्या बायका असतात. आई त्यांच्यात पहिल्या रांगेत असते.

मृणालनं कंपनीला कळवलं, पूल ज्यांच्या ताब्यात होता त्या खात्यालाही कळवलं. कंपनी म्हणाली, उन्हाचा फरक. पण जबाबदारी कोणालाच नको होती, त्यामुळे पुलाच्या दोन्ही तोंडांना बांबू आडवे लागले. आणि त्याच संध्याकाळी समाजभवनात समिती बसली. आजही मला ती सभा आठवली की कान गरम होतात.

"पूल कोणी बंद केला?" मोठेबाबांनी विचारलं.

"मीच करायले लावला, मोठेबाबा."

"जयंतीच्या तोंडावरच काहून बंद होते वं पूल? दिवाळीत नाही होत, पोळ्याले नाही होत."

हा प्रश्न माझाच होता. आत्ताच का? कोणाच्या फायद्याचं? दर सभेत मीच हे विचारायला शिकवते. तो प्रश्न आता माझ्याकडे तोंड करून बसला होता.

"त्या देशपांडे बाईच्या मशीनमधला आवाज तू ऐकला काय?" सुमेधनं विचारलं.

"तो माणसाले ऐकू येत नाही."

भवन हसण्यानं दणाणलं. "घ्या! ऐकू न येणाऱ्या आवाजासाठी मिरवणूक बंद!"

मोठेबाबा हसले नाहीत. "ते फाटक मिळवाले माह्या डोक्याचे केस गेले पोरी. पूल बंद म्हणजे फाटक बंद. आज म्हणतीन धोका आहे, उद्या म्हणतीन आता सवय झाली, इकडंच फिरवा. अन् हे काम त्यायनं तुह्या हातानं करून घेतलं."

खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं. गुलाबरावांनी कंपनीला सांगितलं असेल तर? कंपनीनं मृणालला? मृणालनं त्या रेघा कशा काढल्या ते मला कुठे कळत होतं? पण दुसऱ्या बाजूला पांढऱ्या साड्यांची पहिली रांग दिसत होती. दोन संशयांमधून एक निवडायचा होता. मी म्हटलं, "माझ्यावर शंका घ्या, तिच्यावर घ्या. पण पुलावर पण घ्या ना. त्याच्यावर काहून नाही घेत?"

मग मागून, बायकांमधून आईचा आवाज आला. "मंग रस्त्यानं जा ना."

मोठेबाबा वळले. "रस्त्यानं म्हणजे वेशीतून."

"हाव. वेशीतूनच."

"गुलाबरावच्या दारावरून?"

"त्याच्याच चौकटीनं पूल फुटला ना? मंग त्याच्याच दारावरून जाऊ."

दोनचार जण हसायला लागले आणि मध्येच थांबले.

पुढचं सरळ होतं असं नाही, पण वाट निघाली. मिरवणुकीची परवानगी दर वर्षी मिळायचीच, आणि पुलावरून जायला मनाई वरूनच आलेली. मैदानावर पोचायला दुसरा रस्ताच नव्हता. परवानगी देणाऱ्या साहेब लोकांनी नकाशा इकडून तिकडून फिरवून पाहिला आणि शेवटी वेशीतून जाणाऱ्या मार्गावर सही केली. मला त्या सहीचाही संशय आला.

जयंतीच्या दिवशी हमरस्त्यावरचे डंपर थांबवले होते. ड्रायव्हर टपावर चढून बघत होते, एकानं हॉर्न वाजवून ताल धरला. वेशीत शिरताना ढोल क्षणभर ढिला पडला. पांढऱ्या साड्या मात्र थांबल्या नाहीत. माझ्या हातात झेंडा होता आणि डोळे गच्च्यांवर. दगड रचून ठेवलेत का, काठ्या टेकून ठेवल्यात का, मी एकेक गच्ची तपासत चालले होते. गच्च्यांवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. एका गच्चीवर एक लहान मुलगी आमच्या ढोलावर नाचत होती, आणि तिला आत ओढायला आलेली बाईही दाराशीच उभी राहिली. गुलाबराव दारात उभे होते, हात जोडून. फलकावर होते अगदी तसेच. आम्ही शाळेच्या पुढच्या दारातून मैदानात शिरलो. मोठेबाबा आत शिरल्यावर थांबले, मागे वळून त्यांनी त्या दाराकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, "एवढं मोठं दार आहे बाप्पा शाळेले."

उन्हाळ्यात कंपनीनं मधला तुकडा बदलला. गाजावाजा न करता. जुना तुकडा ताडपत्री टाकून ट्रकमधून गेला. मृणालला तो कापून पाहायचा होता. तिला सांगितलं, भंगारात गेला, आता सापडणार नाही. त्यामुळे त्या निळ्या रंगाखाली नेमकं काय होतं ते कोणीच डोळ्यानं पाहिलं नाही. सुमेध आजही म्हणतो, काही नव्हतं. मी म्हणते, मग ताडपत्री कशाला? तो म्हणतो, ट्रकवर ताडपत्री असतेच. यावर आमचं अजून मिटलेलं नाही. एक मात्र केलं. नवा तुकडा बसला त्या दिवशी, त्यावर पहिलं पाऊल पडायच्या आधी, मृणालला बोलावून त्याचा आवाज घेतला. अख्खी वस्ती काठावर उभी. पोरं विचारत होती, काय वाजून राहिलं? मोठेबाबा म्हणाले, "चूप. ऐका."

कालच्या गारा थांबल्याबरोबर मी घरी फोन केला. "पुलावर काही पडलं काय?" आई म्हणाली, "गारा पडल्या. अजून काय पडन?" आज सकाळी मी आणि मृणाल गेलो. तिनं तासभर बसून रेघा ताडल्या. बदल नाही. यावेळी मला पटलं. तरी मी दोनदा विचारलं, आणि ती दोन्ही वेळा न चिडता हो म्हणाली.

मोठेबाबांच्या ओसरीवर चहाला थांबलो, तर गुलाबराव आले. आमच्या वस्तीत, स्वतःहून, पायी. खुर्ची दिली. इकडचं तिकडचं झालं, गारांचं झालं. मग ते मृणालकडे वळले. "मॅडम, पूल ठणठणीत आहे म्हणते?"

"हो, पूर्ण चांगला आहे."

"मंग झालं!" गुलाबराव मोठेबाबांकडे सरकले. आवाज अगदी समजूतदार. "यंदा पुलावरूनच या गा. म्हाताऱ्या बाया, लेकरं, एवढा फेरा काहून घेता उन्हात? आता तर मशीननं सांगितलं. मले तुमचीच काळजी वाटते."

मी तोंड उघडलं. मोठेबाबांनी माझ्याकडे न पाहताच हात वर केला.

"चांगली बातमी आहे गुलाबराव," ते म्हणाले. "पोरं बिनघोर शाळेत जातीन त्याच्यावरून."

"अन् मिरवणूक?"

"मिरवणूक तर तुमच्याच दारावरून येऊन राहिली. ऊन भल्लं असते त्या दिवशी, गुलाबराव. पाण्याचे दोन कॅन जास्तीचे भरून ठेवजा."